कर्जातून बाहेर पडताना क्रम कुठे चुकतो: ख्रिस्ती कुटुंबांसाठी पायरी-पायरीने

दर रविवारी उपासनेनंतर अर्पणाची थैली मोजायचे काम माझ्याकडे असते. त्याआधी बरीच वर्षे मी एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसत होतो. त्यामुळे कर्जात रुतलेली माणसे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. मेहनतीत ती कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम चुकतो. आधी जुने फेडायला नवे कर्ज काढतात, मग नवस बोलतात, मग एखाद्या संध्याकाळी बायकोला अर्धवट सांगतात. हिशेब मांडायची वेळ येते ती नोटीस हातात पडल्यावर.

क्रम पाहायचा असेल तर २ राजे ४:१–७ उघडा. विधवेच्या दोन मुलांना दास करून न्यायला सावकार दारात येणार आहे. ती आधी अलीशा संदेष्ट्याला सगळे सांगते. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायची, दार लावून घ्यायचे, तेल ओतायचे. शेवटी तेल विकायचे, कर्ज फेडायचे आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी जगायचे. तेल वाढले ते देवाचे काम. बाकी सगळी कामे तिला करावी लागली, आणि इथे बोलायचे ते त्या कामांबद्दल.

तयारी: बसण्यापूर्वी हाताशी काय हवे

दोनशे पानी वही, पेन आणि तीन तासांची एक दुपार. मोबाईल दुसऱ्या खोलीत, पण आधी त्यातून हे कागद काढून घ्या:

- सर्व बँक खात्यांचे मागच्या सहा महिन्यांचे उतारे
- प्रत्येक कर्जखात्याचा आजचा उतारा (पतसंस्थेत अर्ज करून मागा, तोंडी आकडा घेऊ नका)
- क्रेडिट कार्डाची शेवटची तीन बिले
- सोनेतारणाच्या पावत्या
- कोणाला किती कोरे धनादेश दिले आहेत त्याची यादी, चेकबुकाच्या स्थळप्रतीवरून
- तुमचा स्वतःचा क्रेडिट अहवाल. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

अहवाल काढाच. 'हप्त्यावर घेतलेला फ्रिज' आपण कर्जात धरत नाही, अहवाल धरतो. तुम्ही कोणाला जामीन राहून विसरला असाल तर तेही बहुधा त्यात दिसते.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करणारा माणूस लूक १४:२८ मध्ये आहे. त्यातला 'बसून' हा शब्द महत्त्वाचा. उभ्याउभ्या केलेला हिशेब नेहमी कमी भरतो.

पायरी १: आधी घरात सांगा, मग मंडळीतल्या एकाला

पहिल्यांदा नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला सांगायचे. पूर्ण आकडा, एकाच बैठकीत. 'साधारण दोनेक लाख असतील' असे सांगून महिन्याभराने आणखी दीड लाख बाहेर काढणारी माणसे मी पाहिली आहेत. कर्जाने मोडला नसता तो संसार त्या दुसऱ्या आकड्याने मोडतो.

त्यानंतर मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चमधला, एक माणूस निवडा. तो पाळकच असला पाहिजे असे नाही. पोटात गोष्ट राहते आणि आकड्यांना भीत नाही, एवढे दोन गुण पुरेत. निवृत्त शिक्षिका, बँकेतली बहीण, दवाखान्याचा हिशेब पाहणारा कोणी, असे माणूस बहुतेक मंडळ्यांत असते. वसईसारख्या ठिकाणी पॅरिशमधल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची (गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची) माणसे घरी येऊन शांतपणे ऐकतात. या माणसाकडे पैसे मागायचे नाहीत. त्याने दर महिन्याला तुमची वही पाहायची, एवढेच त्याचे काम.

इशारा: प्रार्थनासभेत हात वर करून 'आर्थिक अडचण आहे, प्रार्थना करा' म्हणणे हे सांगणे नव्हे. त्यात आकडा नसतो. आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच टाकू नका. दुसऱ्या दिवशी चार जण विचारपूस करतील आणि एक जण कर्जाचे अॅप सुचवेल.

कर्जामुळे जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. पुढच्या पायऱ्या आठवड्याने केल्या तरी चालतील.

पायरी २: दार लावा

इथे मी गोष्टीचा क्रम मुद्दाम मोडतो. अलीशाने दार लावायला सांगितले ते भांडी गोळा झाल्यावर. आपल्याकडे ते आजच लावावे लागते, कारण आजकाल पैसे देणारा दारावर येत नाही, तो खिशातल्या फोनमध्ये बसलेला असतो.

सांगितल्याच्या दिवशीच करायची कामे:

१. कर्जाची अॅप काढून टाका. मात्र आधी चालू कर्जाचा उतारा आणि करारपत्र उतरवून ठेवा. अॅप उडवले म्हणून कर्ज उडत नाही, पुरावा मात्र उडतो.

२. क्रेडिट कार्ड कात्रीने कापा. खाते लगेच बंद करू नका, बाकी फिटल्यावर करा. खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेले कार्डाचे तपशील पुसा आणि 'आता घ्या, नंतर भरा'ची सोय बंद करा.

३. नवी भिशी लावू नका. चालू भिशी मध्येच सोडू नका, तिथे शेजाऱ्यांचे पैसे आहेत.

४. कोणालाही जामीन राहू नका. पतसंस्थेतल्या माणसाचे हे बोलणे विचित्र वाटेल, पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. सहकारी संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते तेव्हा त्यात जामीनदाराचेही नाव असते. मी स्वतः एका नातेवाइकाला 'नुसती सही' दिली होती आणि त्या सहीचे हप्ते एकोणीस महिने भरले. नीतिसूत्रे ६:१–५ मध्ये जामीन राहिलेल्याला झोपू नकोस, जाऊन गळ घाल आणि हरिणासारखा सुटून जा असे सांगितले आहे. आधीच सही केली असेल तर तो सल्ला शब्दशः घ्या: कर्जदाराच्या घरी जा, खात्याचा उतारा मागा, हप्ते थकलेत का ते बघा.

तपासा: आज रात्री घरात कोणी आजारी पडले तर पैसे कुठून आणाल? उत्तर 'कार्ड' असेल तर दार अजून उघडे आहे. पहिले पाच हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका आणि मगच पुढे जा.

पायरी ३: घरात काय आहे ते लिहा

वहीची दोन पाने समोरासमोर घ्या. डावीकडे देणे, उजवीकडे घरातले.

देण्याच्या पानावर प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी हव्यात: कोणाचे, आज बाकी किती, वर्षाचे व्याज किती टक्के, महिन्याला किती जातात, आणि थकले तर काय जाईल (सोने, गाडी, जमीन, जामीनदाराची मैत्री). शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडतात. फेडीचा क्रम तिथूनच ठरतो, म्हणून तो भराच.

सगळ्यात जास्त चुका व्याजाच्या रकान्यात होतात. त्यातल्या तीन सांगतो.

आपल्याकडे 'पाच टक्क्याने घेतले' म्हणजे महिना शेकडा पाच. वर्षाला ६० टक्के. पतसंस्थेचे १४ टक्के वर्षाचे असतात. या दोन आकड्यांची तुलना करून 'पतसंस्था महाग' म्हणणारा माणूस माझ्या टेबलासमोर एकदा नाही, अनेकदा बसला आहे.

दुसरी चूक सरसकट व्याजाची. एक लाख रुपये, तीन वर्षे, '१२ टक्के सरसकट' म्हणजे एकूण १,३६,००० भरायचे, महिना सुमारे ३,७८०. मुद्दल दर महिन्याला घटते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारतात. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. करारपत्रात 'घटती बाकी' असे शब्द आहेत का ते बघा.

तिसरी, कार्डाची किमान रक्कम. समजा कार्डावर ६२,००० बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झाले २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३९०. तुम्ही पाच टक्के म्हणजे ३,१०० भरलेत. मुद्दलातून गेले जेमतेम ५४०.

आता उजवे पान. विधवेचे पहिले उत्तर होते, घरात काहीच नाही, तेलाच्या कुपीखेरीज. आपणही 'काही नाही' म्हणतो आणि कुपी विसरतो. कपाटातले सोने, न वापरलेली दुसरी दुचाकी, विम्याची जुनी पॉलिसी, गावच्या घरातला पडून असलेला वाटा, लागलेली पण न उचललेली भिशी, कोणाला दिलेले हातउसने, बंद पडलेले शिवणयंत्र. आणि वस्तूंइतकेच हातचे काम: नर्सची जादा ड्यूटी, शिकवणी, केक, वायरिंग, नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांची ऑर्डर. लिहिताना 'हे विकायचे नाही' असे आधीच ठरवू नका, नुसते लिहा. मंगळसूत्राचा निर्णय नंतर, दोघांनी मिळून.

पायरी ४: भांडी मागा, पैसे मागू नका

या पायरीवर बहुतेकांची गाडी घसरते. विधवेने शेजाऱ्यांकडे पैसे मागितले नाहीत. रिकामी भांडी मागितली, आणि तीही थोडकी नकोत असे तिला बजावले होते. शेजाऱ्याचे भांडे परत करता येते आणि त्यावर व्याज चढत नाही.

मंडळीत मागता येण्याजोगी भांडी: बँकेत सोबत येणारा माणूस. सासरे दवाखान्यात असताना मुलांना दोन दिवस सांभाळणारे घर. मागच्या वर्षीची शाळेची पुस्तके. ओव्हन. उपासनेनंतर खाद्यपदार्थ विकायला मंडळीच्या आवारातली एक टेबलाएवढी जागा, आणि त्यासाठी कमिटीची परवानगी. ओळखीच्या वकिलाचा अर्धा तास.

मंडळीचा मदतनिधी असेल आणि तो घ्यायची वेळ आली तर एकाच गोष्टीसाठी घ्या, जसे मुलाची फी, आणि पैसे थेट शाळेत भरायला सांगा. तुमच्या हातात आलेले दहा हजार सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या घेणेकऱ्याकडे जातात. तो घेणेकरी क्रमाने पहिला असेलच असे नाही.

इशारा: मंडळीतल्या एका कुटुंबाकडून घेऊन दुसऱ्याचे फेडू नका. वर्षाने दोन्ही कुटुंबे मागच्या बाकावर बसू लागतात आणि तुम्ही यायचे बंद करता.

पायरी ५: महिन्याचे पैसे वाटा, अर्पणासह

अलीशा म्हणतो, आधी कर्ज फेड आणि उरेल त्यावर जग. हे ऐकून काही जण पगार झाला की सगळा हप्त्यांत घालतात आणि दहा तारखेला किराण्यासाठी पुन्हा हात पसरतात. गोष्टीत तेल एकदाच विकले गेले, ती एकरकमी आवक होती. म्हणून माझा नियम असा: पगारातून आधी घर, मग हप्ते. बोनस, पॉलिसीचे पैसे, कांद्याची पट्टी, विकलेल्या गाडीचे पैसे आले की आधी कर्ज.

एक उदाहरण पूर्ण पाहू. तो एमआयडीसीत, ती दवाखान्यात नर्स, दोघांचे मिळून ४२,०००. भाडे, किराणा, गॅस, फी, पेट्रोल, औषधे, गावी आईवडिलांना २,००० असे सगळे धरून घरखर्च ३०,०००. अर्पण १,०००. हप्त्यांसाठी उरले ११,०००. देण्याचे पान असे:

- पतसंस्था: १,५०,०००, वर्षाला १४ टक्के, हप्ता ५,१००, दोन जामीनदार
- क्रेडिट कार्ड: ६२,०००, किमान रक्कम ३,१००
- गावचा सावकार: ४०,०००, महिना शेकडा ५, नुसते व्याज २,०००
- मोबाईल अॅप: १८,०००, सहा हप्ते, ३,३०० चा एक
- सोनेतारण: ८०,०००, वर्षाला १२ टक्के, महिना व्याज ८००
- मेहुण्याचे हातउसने: ५०,०००, बिनव्याजी
- वाण्याची उधारी: ७,४००

बेरीज ४,०७,४००. महिन्याला जायचे १४,३००, आहेत ११,०००. कमी पडणारे हे ३,३०० दर महिन्याला कुठून तरी नव्याने उचलले जातात, आणि हेच त्या घराचे भोक. ते बुजल्याशिवाय कुठलीही योजना टिकत नाही.

आईवडिलांचे २,००० कापायचा मोह होईल. मार्क ७:११ मधले 'कुर्बान' आठवा. देवाचे नाव पुढे करून आईबापांचे तोडणाऱ्यांना येशू तिथे फटकारतो. बँकेचे नाव पुढे करून तोडलेलेही तसेच.

आता अर्पण. कर्ज असताना दशमांश द्यावा का, हा मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि पाळकांमध्ये यावर एकमत नाही. काही मलाखी ३:१० दाखवून पूर्ण दहावा भाग सांगतात. माझे मत २ करिंथ ८:१२ कडे झुकते: जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे. देणे थांबवू नका, कारण ते थांबले की आठवड्यातली एकमेव न मोजलेली गोष्टही जाते. पण उसने घेतलेल्या पैशाचे अर्पण करू नका. त्या नोटेवर मेहुण्याचे नाव असते. किती द्यायचे ते दोघांनी ठरवा, वहीत लिहा आणि कर्ज फिटेल तसे वाढवा.

इशारा: 'विश्वासाने बी पेरा, दहापट मिळेल' म्हणून कार्डावरून किंवा नवे कर्ज काढून द्यायला सांगणारा कोणीही असो, त्या सभेतून उठा. कर्ज फिटावे म्हणून नवसही बोलू नका. उपदेशक ५:५ सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. तो आणखी एक घेणेकरी होऊन बसतो.

पायरी ६: हप्ता चुकण्याआधी घेणेकऱ्याकडे जा

मत्तय ५:२५ मध्ये वाद्याबरोबर वाटेतच समेट करायला सांगितले आहे, न्यायाधीशापुढे उभे राहिल्यावर नव्हे. वसुलीच्या टेबलावरचा माझा अनुभव तोच. हप्ता चुकण्याआधी आलेल्या माणसाला आम्ही चहा पाजत असू. तीन हप्ते चुकवून आलेल्याचा कागद तोवर दुसऱ्याच फायलीत गेलेला असे.

अर्ज साधा लिहा, रडगाणे नको:

'माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. आज बाकी अमुक. माझे उत्पन्न व आवश्यक खर्च यांचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यावरून मी दरमहा रु. अमुक नियमित भरू शकतो. तरी कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.'

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. आकडा असा लिहा की पाळता येईल. साहेब नाराज होईल म्हणून वाढवून सांगितलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकतो आणि त्यानंतर तुमच्या 'होय'ला किंमत राहत नाही.

प्रत्येक घेणेकऱ्याची तऱ्हा वेगळी.

बँक आणि फायनान्स कंपनी: कार्डाची बाकी मुदतीच्या हप्त्यांत बदलून मागा. वरच्या उदाहरणात ६२,००० रुपये १८ टक्क्यांनी चोवीस महिन्यांत बदलले तर हप्ता पुन्हा ३,१०० च्या आसपासच येतो (व्याजावरचा जीएसटी वेगळा), पण हा दोन वर्षांत संपतो. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क करता येते.

पतसंस्था: ती लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. एकरकमी परतफेड योजना चालू आहे का हे विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मोबाईल अॅप: नोंदणीकृत कर्ज अॅपला तुमची संपर्कयादी किंवा फोटो पाहायचा अधिकार नाही. बदललेले फोटो नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर तो गुन्हा आहे. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि संपर्कातल्या लोकांना तुम्हीच आधी सांगून टाका. घाबरून भरलेल्या पैशाने धमक्या थांबत नाहीत.

सावकार: परवाना दाखवायला सांगा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शासनाने ठरवलेले वर्षाचे दर असे: शेतकऱ्याला तारणी ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणी १५ आणि विनातारण १८ टक्के. म्हणजे महिना शेकडा पाच कुठल्याच कायद्यात बसत नाही. परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, क्रमांक १५१००. सावकाराकडे एकट्याने जाऊ नका. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, आणि पावती देत नसेल तर पैसे बँकेतूनच द्या.

तपासा: दिलेला धनादेश न वटता परत गेल्यावर कलम १३८ ची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची संधी असते. पाकीट न उघडता शोकेसवर ठेवू नका.

तडजोड प्रामाणिक आहे का? 'साहेब ४०,००० सोडायला तयार आहेत, घेऊ का?' असे विचारणाऱ्याला मी उजवे पान दाखवायला सांगतो. स्तोत्र ३७:२१ उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हणते, त्यामुळे कपाटात सोने ठेवून घेतलेली सूट मला पटत नाही. पण पान खरेच रिकामे असेल आणि घेणेकरी समजून-उमजून सोडत असेल तर संकोच नको. दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगणारे अनुवाद १५ हेही त्याच शास्त्रातले आहे, आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड' हे आपण दर रविवारी तोंडाने म्हणतोच. एवढे लक्षात ठेवा की क्रेडिट अहवालात अशा खात्यापुढे 'पूर्ण फेड' लागत नाही, 'तडजोड' असा शेरा लागतो, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो.

पायरी ७: आता फेडीचा क्रम

सर्व हप्ते किमान चालू ठेवून जादा रुपया एकाच कर्जावर टाकायचा. कोणत्या? लहान कर्ज आधी फेडा, उत्साह येतो, असा सल्ला खूप चालतो. परदेशात ठीक असेल. जिथे एका कर्जाला १२ टक्के आणि दुसऱ्याला ६० टक्के आहेत तिथे उत्साह परवडत नाही. मी असा क्रम लावतो: आधी बेकायदा आणि सर्वात महाग व्याज, मग ज्यात दुसऱ्याचे घर किंवा इज्जत अडकली आहे ते थकू न देणे, मग व्याजाच्या उतरत्या क्रमाने. अपवाद वाण्याच्या उधारीचा. ती लवकर मिटवा, कारण रोज त्याच दारावरून जायचे आहे.

आपल्या उदाहरणात: दुसरी दुचाकी २८,००० ला गेली, भिशीचे १५,००० उचलले. ४३,००० पैकी ४०,००० सावकाराला, त्याच दिवशी कोरे धनादेश परत. ३,००० वाण्याला. महिन्याचे देणे १२,३०० वर आले. तिने जादा रात्रपाळ्यांतून २,५०० आणले, म्हणजे हातात १३,५००. उरणारे १,२०० चार महिने वाण्याला, उधारी संपली. सहाव्या महिन्यात अॅप संपले, ३,३०० मोकळे झाले. आता महिन्याला ४,५०० जादा: १,००० मेहुण्याला, ३,५०० कार्डाच्या हप्त्यावर, ते संपले की पतसंस्थेवर. मुदतीआधी भरण्याचे शुल्क आहे का ते करारात बघून.

मेहुण्याचे हजार रुपये व्याजाच्या गणितात बसत नाहीत. तरी द्या, ठरलेल्या तारखेला. बिनव्याजी पैसे देणाऱ्याला शेवटी ठेवणे ही आपल्या समाजातली सर्वात सर्रास चोरी आहे.

कर्जाने कर्ज फेडावे का? एकाच स्थितीत: नवे व्याज निम्म्याहून कमी, रक्कम तेवढीच, आणि जुने खाते त्याच दिवशी कागदासह बंद. सोनेतारण करून सावकाराला मिटवणे यात बसते. 'थोडे वर घेऊन पत्रेही टाकू' हे बसत नाही.

इशारा: नाताळ. डिसेंबरमध्ये अकरा महिन्यांचे काम वाहून जाते. कपडे, रोषणाई, पाहुणे, मंडळीचा कार्यक्रम. जुलैपासून महिना ५०० बाजूला काढा आणि तेवढ्यातच सण करा. लग्न आणि बाप्तिस्म्याचे जेवण हाही तसाच खड्डा. मुलांना कारण खरे सांगा. दुसरीतल्या मुलालाही 'आपण उसने परत करतोय' हे कळते.

पायरी ८: शेवटच्या हप्त्यानंतरचे कागद

हप्ता संपला म्हणून खाते संपत नाही. तीस-चाळीस रुपये बाकी राहून वर्षानुवर्षे थकीत दिसणारी खाती मी पाहिली आहेत. शेवटचा हप्ता भरायला स्वतः जा आणि हे मागा:

१. निल दाखला किंवा ना-देय प्रमाणपत्र, शिक्क्यासह.

२. कोरे धनादेश, वचनचिठ्ठी, मुद्रांकावरचे कागद मूळ प्रतीत परत. सावकाराकडचा कागद साक्षीदारासमोर फाडा.

३. तारण मालमत्तेची मूळ कागदपत्रे. बँक किंवा फायनान्स कंपनीने ती ३० दिवसांत द्यायची असतात; तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरलेली आहे.

४. सातबारावर बोजा असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज, आणि बोजा उतरलेला नवा उतारा. गाडीवर कर्ज होते तर आरटीओत नमुना ३५ भरून बँकेचे नाव काढणे.

५. जामीनदारांना दाखल्याची झेरॉक्स नेऊन द्या. घरी जाऊन.

६. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढा आणि खाते 'बंद' दिसते का बघा.

मोकळा झालेला हप्ता पहिले सहा महिने खर्चात मिसळू देऊ नका. तेवढीच रक्कम त्याच तारखेला बचत खात्यात वळवा, तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत.

वहीचे शेवटचे पान सुरुवातीपासूनच कोरे ठेवा. त्यावर भांड्यांची यादी करायची: कोणाचा ओव्हन, कोणाची पुस्तके, कोणी मुले सांभाळली, कोण बँकेत सोबत आले. त्या विधवेने शेजाऱ्यांची भांडी परत केली की नाही हे गोष्टीत लिहिलेले नाही. तुम्ही यादी काढा, वस्तू घासूनपुसून घ्या, आणि एका शनिवारी घरोघर पोचवून या.